मोजू तसे मोजले जाते
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही, मानसशास्त्राचे प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत चिकटलेले आणि गेली वीसेक वर्षे काउंटरमागे बसणारे एक साधे कारकून आहोत. तेव्हा “वृद्धांच्या मनाचा आजार मोजायचा कसा” या विषयावर आम्ही काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. परंतु मोजणे हे आमचे रोजचे काम आहे. आणि या बाबतीत आम्ही एकदा फार वाईट मोजले होते. त्याची कबुली देण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

दर नोव्हेंबर महिन्यात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. कुणी काठी टेकत येतो, कुणाला नातू धरून आणतो. आम्ही सही किंवा अंगठा घेतो, शिक्का मारतो. माणूस जिवंत आहे, एवढे कागदावर नोंदले की आमचे काम संपते. तो कसा जगतो आहे, हा रकाना त्या अर्जात नसतो.

हा रकाना आपण भरावा, असे दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या कार्यकारिणीत ठरले. वस्तीतल्या साठीपुढच्या सर्व मंडळींच्या घरी जायचे, त्यांच्या मनाची विचारपूस करायची, आणि ज्यांना गरज असेल त्यांना दवाखान्यात न्यायचे. हेतू शंभर टक्के चांगला होता. आम्ही रविवारी समाजमंदिरात बसून एक फॉर्म तयार केला. त्यात झोप लागते का, भूक लागते का, थकवा येतो का, अंग दुखते का, तुम्ही दुःखी आहात का, तुम्हाला करमत नाही का, असे बारा प्रश्न घातले. प्रत्येक तक्रारीला एक गुण. कॉलेजातली मुले फॉर्म घेऊन निघाली आणि दोन रविवारांत काम फत्ते झाले. आम्ही यादी केली. ज्यांचे गुण जास्त ते आजारी, ज्यांचे कमी ते ठणठणीत.

त्या यादीत एका काकांपुढे दोन गुण होते. म्हणजे ठणठणीत. हे काका संस्थेचे जुने कार्यकर्ते. त्यांच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

पुढच्याच महिन्यात ते आमच्या काउंटरवर आले. मुदतठेवीच्या पावत्या बरोबर आणल्या होत्या. वारसाचे नाव लावायचे होते, लॉकरची किल्ली परत करायची होती. आम्ही म्हटले, “काका, एवढी काय घाई?” ते म्हणाले, “आता सगळं नीट करून ठेवतो. कुणाला त्रास नको.” आम्ही त्यांच्या शिस्तीचे कौतुक केले, शेजारच्या सहकाऱ्याला सांगितले, “हिशेब असावा तर असा.” काका हसले नाहीत. ते आम्ही पाहिले, पण नोंदले नाही.

चार दिवसांनी त्यांची लेक माहेरी आली. तिच्याजवळ मात्र ते बोलले. जगण्यात काही राम राहिला नाही, आपण गेलो तर सगळ्यांची सुटका होईल, असे कित्येक आठवडे त्यांच्या मनात घोळत होते. लेकीने त्यांना एकटे सोडले नाही, दुसऱ्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेले. औषध सुरू झाले, बोलणे सुरू झाले, काही महिन्यांत काका सावरले. आज ते या सभागृहात बसले आहेत. त्यांनीच आम्हाला सांगितले, “माझी गोष्ट सांग, फक्त नाव सांगू नकोस.”

मित्रहो, आमच्या यादीप्रमाणे हा माणूस ठणठणीत होता. मग चुकले कुठे?

हा प्रश्न घेऊन आम्ही त्याच विभागातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आमचा फॉर्म शांतपणे वाचला आणि म्हणाले, “तुम्ही गुडघे मोजलेत, मन मोजलं नाहीत.” त्या एका वाक्याने आमचे शिक्षण सुरू झाले. त्यांनी जे समजावले आणि त्यानंतर आम्ही जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, म्हातारपण म्हणजे नैराश्य नव्हे. “वय झालं की असं व्हायचंच” हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य. परंतु बहुसंख्य वृद्ध माणसे या आजारात नसतात, आणि जी असतात त्यांना उपचाराने बरे वाटू शकते. दिवसचे दिवस मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टीत रस न उरणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, पुढे काही चांगले होईल ही आशा सुटणे, ही या आजाराची मुख्य लक्षणे. झोप, भूक, वजन, शक्ती यांच्यावरही परिणाम होतो. पण इथेच खरी अडचण आहे. तिशीतल्या माणसाची झोप उडाली तर त्याला विचारावे लागते की बाबा, काय झाले? सत्तरीच्या माणसाची झोप मात्र लघवीसाठी उठावे लागल्याने उडते, खोकल्याने उडते, संधिवाताने उडते. म्हणजे एकच लक्षण, कारणे दहा. आमच्या फॉर्मात निम्मे प्रश्न शरीराचे होते. त्यामुळे ज्या आजींचे गुडघे दुखत होते त्या यादीत वर गेल्या, आणि ज्यांचे शरीर धडधाकट पण मन विझलेले होते ते काका तळाशी राहिले.

ही अडचण शास्त्रज्ञांना फार आधी कळली होती. मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 साली नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी एक मापनी प्रसिद्ध केली. ती जगभर वापरली गेली. परंतु ती मुळात आजाराचे निदान झालेल्या रुग्णांसाठी, जाणकाराने भरायची मापनी होती, आणि तिच्या सतरा बाबींपैकी तीन एकट्या झोपेच्या आहेत. वृद्धांसाठी वेगळे काहीतरी हवे म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. ती 1983 साली प्रसिद्ध झाली. तिला जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केल, थोडक्यात जी.डी.एस., म्हणतात. त्यांनी आधी शंभर प्रश्न जमवले आणि ते वृद्धांना विचारून पाहिले. ज्या प्रश्नांची उत्तरे एकूण गुणांशी सर्वांत जास्त जुळत होती असे तीस प्रश्न ठेवले, बाकीचे काढले. या चाळणीत शरीराच्या तक्रारींचे प्रश्न आपोआप मागे पडले. उत्तर फक्त “हो” किंवा “नाही”, म्हणजे “कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज” अशी पायरी निवडण्याचा ताप नाही. पुढे 1986 साली यातलेच पंधरा प्रश्न घेऊन छोटी प्रश्नावली केली गेली. ती पाच-सात मिनिटांत होते. गेल्या आठवड्यात तुम्हाला कसे वाटले, एवढेच ती विचारते. पाचापेक्षा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आता “विश्वसनीयता” या शब्दाकडे येऊ. मापन विश्वसनीय आहे असे केव्हा म्हणायचे? आम्ही ते आमच्या कॅशच्या भाषेत समजून घेतले.

नोटांचे बंडल आपण मोजले, शंभर नोटा भरल्या. तेच बंडल थोड्या वेळाने पुन्हा मोजले, तरी शंभरच भरल्या पाहिजेत. माणसाची स्थिती बदललेली नसेल तर आठवड्याने विचारल्यावर गुण साधारण तेवढेच यायला हवेत. ही पहिली कसोटी. तेच बंडल शेजारच्या सहकाऱ्याने मोजले तरी शंभरच यायला हवेत. म्हणजे प्रश्न कुणीही विचारले तरी फरक पडता कामा नये. ही दुसरी. आणि तिसरी कसोटी अशी की, प्रश्नावलीतले सगळे प्रश्न एकाच दिशेने बोलले पाहिजेत, एक मनाविषयी आणि दुसरा गुडघ्याविषयी असे होता कामा नये. मूळ जी.डी.एस.च्या अभ्यासात आठवड्याच्या अंतराने विचारलेल्या गुणांचा मेळ 0.85 आणि प्रश्नांचा आपसातला मेळ 0.94 आला होता. हे आकडे एकाच्या जितके जवळ तितके चांगले.

पण थांबा. दोघांनी मोजले, दोनदा मोजले, शंभर नोटा भरल्या. आणि त्यात एक नोट खोटी निघाली तर? मोजणी विश्वसनीय होती, पण रक्कम खरी नव्हती. म्हणून विश्वसनीयतेबरोबर यथार्थताही लागते. जे मोजायचे ठरवले तेच मोजले जाते का, हा तो प्रश्न. आमचा फॉर्म दहा वेळा भरला असता तरी गुडघेदुखीच्या आजींचे गुण तेवढेच आले असते. मोजणी स्थिर, पण चुकीच्या गोष्टीची.

तिसरी अडचण भाषेची. आम्ही विचारले होते, “तुम्हाला करमत नाही का?” आता मराठीत याचे उत्तर पाहा. एक मावशी म्हणाल्या, “हो.” म्हणजे हो, करमत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, “नाही.” म्हणजे नाही करमत! दोघींचे म्हणणे एकच, पण आमच्या फॉर्मात एकीला गुण मिळाला, दुसरीला नाही. नकारार्थी प्रश्न विचारला की आपल्या भाषेत “हो” आणि “नाही” या दोन्हींचा अर्थ एक होऊ शकतो. बारा प्रश्नांत असे चार प्रश्न होते.

“तुम्ही दुःखी आहात का?” या प्रश्नाची गंमत तर वेगळीच. दर रविवारी विहारात धम्मप्रवचन ऐकणारे एक आजोबा आमच्या मुलाला म्हणाले, “दुःख आहेच बाळा, ते तर भगवंतांनी पहिल्यांदाच सांगितलं.” त्याने इमानेइतबारे एक गुण लिहिला. वस्तीत त्यांच्याइतका आनंदी माणूस सापडणार नाही! प्रश्नातला शब्द विचारणाऱ्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा असेल, तर ते मापन नव्हे. उलट बाजूही आहे. आपल्या बायाबापड्या “मला नैराश्य आले आहे” असे कधी म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “जीव लागत नाही”, “जीव नकोसा झालाय”, “अंगात त्राण नाही”. म्हणूनच एखादी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणताना नुसते भाषांतर चालत नाही. भाषांतराचे दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलट भाषांतर करून पाहावे लागते, आणि मग त्या भाषेतल्या माणसांवर ते पुन्हा तपासावे लागते.

चौथी अडचण आमची, म्हणजे विचारणाऱ्यांची. काकांचा फॉर्म भरणाऱ्या मुलाला आम्ही नंतर विचारले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “जयंतीची तयारी चालू होती, घाई होती. काकांचा मुलगा आणि सून समोरच बसले होते. मी विचारलं, काका, खूश आहात ना? ते म्हणाले, हो.” आता सांगा, मुला-सुनेच्या देखत कोणता बाप म्हणेल की मला जगावेसे वाटत नाही? आणि “आहात ना?” असे विचारल्यावर “नाही” म्हणायला किती बळ लागते? प्रश्नातच उत्तर घालून दिले होते. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला शिकवून पाठवले नाही हा दोष आमचा होता.

ज्यांची स्मरणशक्ती फार खालावली आहे त्यांच्या बाबतीत आणखी सांभाळावे लागते. “गेल्या आठवड्यात” म्हणजे काय, हेच त्यांना आठवत नसेल तर प्रश्नावलीवर भिस्त ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी 1988 साली कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासकांनी वेगळी मापनी केली. तीत रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्यालाही विचारून, स्वतः निरीक्षण करून जाणकार गुण देतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गुण म्हणजे निदान नव्हे. समजा, शंभर वृद्ध आहेत आणि त्यांपैकी दहा जणांना खरोखर नैराश्य आहे. आपली चाळणी आजारी माणसांपैकी शेकडा 80 पकडते आणि निरोगी माणसांपैकी शेकडा 80 जणांना बरोबर सोडते. तर काय होईल? दहापैकी आठ सापडतील, दोन निसटतील. उरलेल्या नव्वदांपैकी अठरा जण आजारी नसताना चाळणीत अडकतील. म्हणजे आपल्या हाती सव्वीस नावे येतील आणि त्यांत खरे आजारी फक्त आठ! म्हणून चाळणीत अडकलेल्या माणसाला कुणी “वेडा” म्हणता कामा नये आणि चाळणीतून गेलेल्याला विसरताही कामा नये. पुढची तपासणी डॉक्टरांची. थायरॉईड बिघडले, बी-12 जीवनसत्त्व कमी झाले, एखादे औषध मानवले नाही, तरी माणूस असाच मलूल दिसू शकतो.

आणि तरीही चाळणी हवीच. का ते ऐका. आपल्या मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकाराने 2017-18 मध्ये देशभर पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे 72 हजार लोकांची पाहणी झाली. तिला “लासी” म्हणतात. अहवाल 2021 च्या जानेवारीत आला. साठीपुढच्या लोकांत प्रश्नावलीप्रमाणे तीव्र नैराश्य संभवते असे शेकडा 8.3 निघाले. “आम्हाला डॉक्टरांनी हा आजार सांगितला आहे” असे म्हणणारे किती? शेकडा 0.8. म्हणजे दहांपैकी नऊ जणांपर्यंत कुणी पोहोचलेलेच नाही. त्याच पाहणीत नुसती लक्षणे मोजणारी दुसरी प्रश्नावलीही वापरली होती. तिचा आकडा कितीतरी मोठा आला. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. वर्तमानपत्रात टक्केवारी वाचली की “कशाने मोजले?” हे विचारायची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा घरोघरी गेलो. या वेळी डॉक्टरांनी त्यांच्या विभागात वापरात असलेले पंधरा प्रश्नांचे मराठी भाषांतर दिले, मुलांना दोन दिवस शिकवले. नियम साधे होते. आधी परवानगी घ्यायची. माणसाशी एकट्याने बोलायचे; घरात जागा नसेल तर ओट्यावर किंवा विहाराच्या पायरीवर बसायचे. चष्मा, कानाचे यंत्र आहे का ते पाहायचे. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवायचा, पण शब्द बदलायचा नाही. कळला नाही तर तोच पुन्हा सावकाश वाचायचा. आपल्या तोंडून उत्तर सुचवायचे नाही. काही घरी आठवड्याने दुसरा मुलगा जाई आणि तेच प्रश्न विचारी. जिथे दोन वेळचे गुण फार वेगळे आले तिथे आम्ही आधी स्वतःची चूक शोधली. मात्र सातचे सहा झाले म्हणून “बरे वाटतेय” असा निष्कर्ष काढला नाही. एवढा फरक मोजण्यातही पडतो. यादी फक्त दोघांच्या हाती राहिली आणि कुणाचे गुण चर्चेत आले नाहीत.

काका या वेळी मुलांबरोबर होते, प्रश्न विचारणारे म्हणून. त्यांनी एक नियम वाढवला. ते म्हणाले, “शेवटचा प्रश्न झाला की लगेच उठायचं नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं. माणूस खरं ते तेव्हा बोलतो.” त्या पाच मिनिटांना कोणत्याही मापनीत गुण नाहीत. पण एका आजींनी बंद दाराआडचे सगळे त्याच पाच मिनिटांत सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या.

विद्यार्थ्यांना एक सांगणे. कुणी “जगावेसे वाटत नाही” असे म्हटले तर घाबरून विषय बदलू नका. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. टेली-मानस ही सरकारी सेवा 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567. हे दोन्ही आकडे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा रांग लागेल. आम्ही शिक्का मारूच, ते कामच आहे. पण आता शिक्का मारण्याआधी आम्ही मान वर करून चेहऱ्याकडे पाहतो आणि विचारतो, “काका, दिवस कसा जातो?” आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. रांगेतली मंडळी कुरकुरतात. आपणही त्या रांगेत असाल तर कृपया थोडा धीर धरा, एवढीच विनंती करून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम. नमो बुद्धाय.